चंद्रभागाबाईंच्या उशाशी ऊन पाणी

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझ्यासारखे आता फारसे कुठे दिसत नाहीत. बाहेरून पत्र्याचे अंग, त्यावर निळी फुले, आत चांदीसारखी चमकणारी काचेची बाटली, तोंडावर रबरी बूच आणि बुचावर पेल्याच्या आकाराचे झाकण, एवढाच माझा देह. काच फुटू नये म्हणून तळाशी रबराची एक चकती बसवली होती. ती कधीच झिजून गेली. मला हलवले तर आता आत खळखळ वाजते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे काचेच्या दोन भिंती एकात एक बसवून मधली हवा काढून घेत. हवा गेली की आतली ऊब आत राहते आणि बाहेरची थंडी बाहेर. तिथून गवतात गुंडाळून मला निजामाबादच्या एका दुकानात आणले. त्या दुकानात मी पुष्कळ दिवस धूळ खात उभा होतो. त्र्याऐंशी साल असावे. एके दिवशी एक सडपातळ गृहस्थ आले, त्यांनी दुकानदाराशी तेलुगूत चार शब्द बोलून मला उचलले, आणि मी मराठी-तेलुगूच्या सीमेवरच्या मुधोळ गावी आलो.

त्या गृहस्थांचे नाव रामाजी. ते तहसीलच्या कचेरीत कारकून होते. जमिनीच्या पहाणीचे कागद, फेरफार, दाखले यांत त्यांचा दिवस जाई. कचेरीत ते तेलुगू बोलत, उर्दू बोलत, आणि घरी आले की फार काही बोलतच नसत. घरात बोलण्याचे काम त्यांच्या पत्नीकडे होते. चंद्रभागाबाई त्यांचे नाव. त्यांना जवळच्या एका खेड्यात मराठी शाळेवर शिक्षिकेची नोकरी लागली, म्हणून रामाजींनी मला विकत घेतले होते.

"रोज सकाळी बस धरतीस. तिकडं चहा भेटत नाही," एवढेच ते म्हणाले.

चंद्रभागाबाईंनी मला हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "माझ्या नोकरीपेक्षा हेच झकपक हाय की!"

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. सकाळी माझ्यात आले घातलेला चहा पडे. मी बाईंच्या पिशवीतून बसने खेड्यावर जाई. मधल्या सुट्टीत सगळे गुरुजी माझ्याभोवती जमत. हेडमास्तर सुधाकरराव पहिला घोट घेतला की म्हणत, "बाई, तुमचा थर्मास म्हणजे आपल्या शाळेची शान." चौदा एप्रिलला विहारात जयंती असे, तेव्हा पाहुण्यांचा चहाही माझ्यातूनच जाई. रविवारी बाई मला गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने धूत व उन्हात पालथे घालून ठेवत. घरात दोन लहान लेकी होत्या आणि रामाजींच्या थोरल्या विधवा बहीण द्वारकाबाई होत्या. रामाजींना मी कधी माठातून स्वतःच्या हाताने पाणी घेताना पाहिले नाही. ते ओट्याकडे पाहून "पाणी" म्हणत आणि पाणी येई. त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे आणि घरात कुणालाच वाटत नसे.

अशी सातआठ वर्षे गेली.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर चंद्रभागाबाई थकू लागल्या. बसमधून उतरून शाळेपर्यंत चालत जाताना त्या दोनदा थांबत. मला उचलून कपात चहा ओतायलाही त्यांना दोन्ही हात लागत. दंडावर, पोटऱ्यांवर निळे डाग उठू लागले. कुठे लागले म्हणावे तर काही लागलेले नसे. सकाळी चूळ भरली की पाण्यात रक्त येई. मग ताप आला. गावच्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषध दिले. ताप उतरे आणि पुन्हा चढे. एक दिवस वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. सुधाकररावांनी त्यांना जीपमध्ये घालून घरी आणले.

रामाजींनी त्यांना निजामाबादला नेले. मीही बरोबर होतो. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि रामाजींना एकट्याला आत बोलावले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा झाला होता. ते बाकावर बाईंच्या शेजारी येऊन बसले.

"काय म्हणे डाक्टर?" बाईंनी विचारले.

"हैदराबादले जा म्हणे."

"काऊन?"

रामाजी हातातल्या तपासणीच्या कागदाची घडी घालू लागले.

"अवो, मी मास्तरीण हाव. मले समजते. खरं सांगा."

"रक्ताचा कॅन्सर म्हणे," रामाजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान होता की मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आला.

चंद्रभागाबाईंनी समोरच्या रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. मग त्यांनी मला मांडीवर घेतले, झाकण उघडले आणि उरलेला चहा दोघांना अर्धा अर्धा ओतला. "पोरींले सध्या सांगू नका," त्या म्हणाल्या. त्यानंतर माझ्यात पुन्हा चहा पडायला फार काळ जावा लागला.

मुधोळजवळच्या बासरच्या स्टेशनवर आम्ही हैदराबादची गाडी धरली. लेकी द्वारकाबाईंजवळ राहिल्या. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात बाईंना भरती केले. त्यांच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जारस काढून तपासला. तिथल्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या, चष्मा घालत आणि उगीच धीर देत नसत. त्यांनी रामाजींना समोर बसवून तेलुगूत समजावून सांगितले. औषध वाईट रक्त मारील, पण त्याच्याबरोबर चांगले रक्तही मरेल. मग काही आठवडे हिच्या अंगात राखणीला कुणीच नसेल. साधा जंतूही हिला पुरे. म्हणून पाणी उकळलेलेच द्यायचे, जेवण ताजे द्यायचे, कच्चे फळ द्यायचे नाही, आणि जवळ येणाऱ्याने तोंडाला फडके बांधायचे.

"हे सगळं कोण करणार?" त्यांनी विचारले.

"मी," रामाजी म्हणाले.

दवाखान्यामागच्या एका धर्मशाळेत त्यांनी खोली घेतली. एक वातीचा स्टोव्ह आणला, दोन पातेली आणली. ज्या माणसाने कधी माठात तांब्या बुडवला नव्हता, तो माणूस आता उकिडवा बसून पाण्याला उकळी येण्याची वाट पाहू लागला. पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. शेजारच्या खोलीतल्या बायका हसत, मग त्याच येऊन सांगत. रामाजी रोज सकाळी आधी मला उकळत्या पाण्याने आतून विसळत, बूच वेगळे उकळत, आणि मग मला काठोकाठ भरत. ते भरताना त्यांच्या कपाळावर घाम येई. एखादे पवित्र काम करावे तसे ते हे करत.

औषध सुरू झाले आणि बाईंची दशा पाहवेना. अन्न पोटात ठरेना. तोंड आतून सोलून निघाले. माझ्यातले पाणी रामाजी झाकणात ओतत, फुंकर न घालता ते निवू देत, कारण फुंकर घालायचीही मनाई होती, आणि मग चमच्याने एकेक घोट पाजत. बाईंचे केस उशीवर गळून पडू लागले तेव्हा त्यांनी रामाजींना कात्री आणायला सांगितली. रामाजींनीच ते कापले. त्यांचे हात कचेरीतल्या लेखणीला सरावलेले, त्यामुळे केस कुठे आखूड तर कुठे लांब राहिले. बाईंनी आरसा मागितला, पाहिला आणि म्हणाल्या, "तुमी न्हावी असते तर उपाशीच मेले असते." त्या हसल्या आणि हसताना ओठ फुटून रक्त आले.

पण सगळेच दिवस असे हसण्याचे नव्हते. एकदा पाणी पाजताना त्यांनी रामाजींचा हात झटकला. झाकण खाली पडले, पाणी सांडले.

"जा तुमी घरी!" त्या म्हणाल्या. "रोज उठून तुमचं हे तोंड पाहाचं अन् तुमी माझं पाहाचं. मले नाही पाहिजे. जा, पोरींपाशी जा!"

रामाजी उठले आणि बाहेर गेले. मी टेबलावर होतो. बाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि त्यांचे खांदे हलू लागले. थोड्या वेळाने रामाजी परत आले, त्यांनी झाकण उकळत्या पाण्यातून धुऊन आणले होते. ते पुन्हा त्याच स्टुलावर बसले.

"गेले नाही का?" बाईंनी वळून न पाहता विचारले.

"गेलतो. आता आलो," रामाजी म्हणाले.

त्यावर बाईंनी हात मागे केला आणि रामाजींनी तो धरला.

बाईंना सारखे रक्त चढवावे लागे. मुधोळला ही गोष्ट कळली तेव्हा सुधाकरराव, कचेरीतले दोघे आणि विहारातली काही तरणी माणसे गाडीने हैदराबादला आली. त्यांना बाईंजवळ जाऊ दिले नाही. दाराच्या काचेतून त्यांनी हात जोडले, रक्त दिले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. सुधाकरराव जाताना म्हणाले, "पोरं रोज पुसून राह्यले, बाई कवा येतील म्हणून. मी सांगतो, उद्या."

यानंतरच सगळ्यात वाईट दिवस आले.

बाईंच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. एका सकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरला. दुपारपर्यंत श्वास लागला. जंतू रक्तात गेले होते आणि छातीत उतरले होते. त्यांना घाईने अतिदक्षता विभागात हलवले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितले की आता ती स्वतः श्वास घेऊ शकत नाही, घशातून नळी घालून यंत्रावर ठेवले आहे, झोपेचे औषध दिले आहे, आणि मूत्रपिंडेही मंद झाली आहेत.

मला आत प्रवेश नव्हता. त्या विभागाच्या दाराला काचेची लहान खिडकी होती आणि बाहेर लांब बाक होता. मी बाकावर रामाजींच्या शेजारी असे. आत ते पाणी पिऊ शकेल असे कुणी नव्हते. तरी रामाजी रोज सकाळी मला विसळत, भरत आणि घेऊन येत. भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने विचारले, "ती तर पीत नाही, मग हे काऊन?" रामाजींनी माझे बूच दाबून बसवले. मला वाटते, मला भरण्याचे सोडून द्यायचे म्हणजे काय सोडून द्यायचे, हे त्यांना ठाऊक होते.

सकाळी एकदा आणि दुपारी एकदा थोडा वेळ आत जाऊ देत. रामाजी हिरवा झगा घालून आत जात आणि खाटेजवळ गप्प उभे राहत. एकदा आतल्या नर्सने त्यांना सांगितले, "बोला तिच्याशी. कदाचित ऐकू येत असेल." रामाजी बाहेर आले तेव्हा गोंधळलेले होते. त्याच बाकावर मथुराबाई नावाच्या एक बाई बसत. त्या आपल्याच मुलखातल्या गुडीहत्नूर गावच्या. हायवेवर त्यांच्या बैलगाडीला ट्रकने धडक दिली होती आणि त्यांचे यजमान धोंडीबा डोक्याला मार लागून आत बेशुद्ध पडले होते. परक्या शहरात आपली बोली कानावर पडली म्हणून दोघे एकमेकांशी बोलू लागले होते.

"बोला म्हणते," रामाजी त्यांना म्हणाले. "मी काय बोलू? घरात तर तीच बोले. मी नुसता ऐकाचा."

"मंग आता उलटं करा," मथुराबाई म्हणाल्या. "आज काय रांधलं ते सांगा. बाईमाणसाले तेच पुसाचं असते."

तेव्हापासून रामाजी आत जाऊन ते सांगू लागले. खिडकीतून मला त्यांच्या तोंडावरचे फडके हलताना दिसे, आणि दार उघडे राहिले तर शब्दही ऐकू येत. "आज खिचडीत मीठ जास्त पडलं. तरी खाल्ली. काल वरण केलतं, हळदच टाकाची राहून गेली. तू असती तर बोलली असती." यंत्र भसभस आवाज करत राही आणि रामाजी त्या आवाजाच्या फटीतून बोलत राहत.

पण खरी गोष्ट अशी होती, मित्रांनो, की ते खिचडी खात नव्हते. रांधत आणि तशीच टाकून येत. हे फक्त मथुराबाईंच्या ध्यानात आले. एक दिवस त्यांनी आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकर काढली, अर्धी मोडली आणि रामाजींसमोर धरली.

"जेवले का तुमी?"

"हाव."

"कवा?"

रामाजी उठू लागले. मथुराबाईंनी त्यांना खाली बसवले.

"तुमच्या बाईची खबर सगळे पुसतात, माझ्या मालकाची पुसतात. आपल्याले कोण पुसते? खा. इथं दोघं पडले तर उचलाले कोणी नाही."

रामाजींनी भाकरीचा घास घेतला आणि चघळता चघळता ते रडू लागले. मथुराबाईंनी माझ्यातले ऊन पाणी झाकणात ओतून त्यांच्या हातात दिले. त्या दिवशी मला कळले की मी नुसता आजाऱ्यासाठी नाही.

काही दिवसांनी द्वारकाबाई मुधोळहून आल्या. त्यांनी काचेतून भावजय पाहिली. चेहरा सुजलेला, डोक्यावर केस नाहीत, तोंडात नळी, हाताला नळ्या. त्या बाकावर येऊन बसल्या आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "रामा, लई झालं. घरी ने तिले. पोरींले एकदा माय पाहू दे. आपल्या घरात, आपल्या माणसात जाऊ दे तिले."

त्यांच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हते. त्या बाईंवर पोटच्या लेकीसारखी माया करत. रामाजी डॉक्टरीणबाईंकडे गेले. परत आले तेव्हा ते उभेच राहिले.

"काय म्हणे?"

"भरवसा देत नाही म्हणे. पण तिचं नवीन रक्त तयार व्हाचा वखत आला, ते आलं तर छाती साफ होऊ शकते. अन् यंत्र काढून नेलं तर बासरपर्यंतबी येणार नाही."

"अन् ते रक्त नाही आलं तर? अशीच नळ्यात जाईन का ती? पोरींले काय सांगशील?"

रामाजींनी माझ्याकडे पाहिले, पण त्यांना मी दिसत नव्हतो. "सांगन," ते म्हणाले, "तुमच्या बाबानं इथं ठेवली होती. चूक असन तर माझी. मी नाही नेत, अक्का."

आयुष्यभर त्यांनी थोरल्या बहिणीचा शब्द मोडला नव्हता. द्वारकाबाई उठल्या, भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मंग मी पोरींपाशी जाते. तू इथं राह्य." त्या गेल्या. रामाजी खूप वेळ दाराच्या काचेला कपाळ टेकवून उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीबा गेले. मथुराबाई रडल्या नाहीत. त्यांचा पुतण्या गाडीची सोय करायला धावपळ करत होता. रामाजींनी माझे झाकण भरून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी दोन्ही हातांनी ते घेतले, सावकाश प्यायल्या आणि झाकण परत दिले.

"भाऊ, तुमी तुमच्या बाईले घेऊन घरी जा," त्या म्हणाल्या. "चालती-बोलती घेऊन जा." मग त्या मृतदेहामागे जिन्याने खाली उतरल्या. रामाजी त्यांना गाडीपर्यंत पोचवून आले. त्या बाकावरची मथुराबाईंची जागा मग रिकामीच राहिली.

पुढचे दिवस रामाजी कुणाशी बोलले नाहीत. आत जाऊन खिचडीचे सांगत तेवढेच. एका सकाळी डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या. त्या एरवी न थांबता निघून जात. त्या दिवशी बाकासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "रक्त वाढायला लागले आहे. थोडे आहे. पण तिचे स्वतःचे आहे." रामाजी बाकावरूनच हात जोडत राहिले.

ताप उतरला. लघवी होऊ लागली. यंत्राचा जोर रोज थोडा थोडा कमी करत नेला, आणि शेवटी नळी काढली. पण मित्रांनो, नळी निघाली म्हणजे लगेच सगळे ठीक झाले असे होत नाही. बाईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्यांना छतावर माणसे चालताना दिसत. नर्स विष घालते असे वाटे. खाट दाराजवळ हलवली होती, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. रामाजी आत गेले तेव्हा बाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"तुमी कोण?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

रामाजी खाटेजवळ सरकले. "मी रामाजी. मुधोळचा."

"मुधोळले माझं घर हाय."

"हाव. तिथंच जाऊ आपण."

"मी तुमाले वळखत नाही."

"नसू दे," रामाजी म्हणाले. "मी वळखतो."

बाहेर येऊन ते माझ्या शेजारी बसले. आधीच घट्ट असलेले माझे झाकण त्यांनी पुन्हा घट्ट केले.

दोन-तीन दिवसांत बाईंच्या मनातले धुके विरले. नर्सने दाराशी येऊन विचारले, "उकळलेले पाणी आहे का? एकच चमचा द्यायचा आहे." इतके दिवस भरून आणि ओतून टाकलेले पाणी! रामाजींनी मला पुसले, नर्सने पुन्हा पुसले, आणि मी पहिल्यांदा त्या दारातून आत गेलो. झाकणात थोडे ओतले. चमचा बाईंच्या ओठांशी गेला. त्यांनी ते गिळले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ऊन हाय."

मग डोळे उघडून रामाजींकडे पाहिले. "वाळले तुमी. जेवत नाही का?"

रामाजींना हसू आणि रडू एकदमच आले. त्यांनी विचारले, "मी रोज बोलून राह्यलो होतो. ऐकाले आलं का काई?"

बाईंनी आठवून पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या. "काईच ध्यानात नाही. फकस्त कोणतरी बोलून राह्यलं होतं, एवढं. त्याच्यानं भेव वाटलं नाही."

बाई घरी आल्या तेव्हा उन्हाळा लागला होता. पायात बळ नव्हते. रामाजी त्यांना अंगणात धरून चालवत, जशी एके काळी लेकींना चालवत तसे. अजून दोन वर्षे औषधे होती, हैदराबादच्या खेपा होत्या, तपासण्या होत्या. नळीमुळे बाईंचा आवाज कायमचा घोगरा झाला. पण पंचाण्णवच्या जूनमध्ये त्या पुन्हा शाळेत गेल्या. पोरांना त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून वर्ग आपोआप शांत बसू लागला. मी पुन्हा चहा नेऊ लागलो.

आता सगळे संपले असे तुम्हाला वाटेल. सगळ्यांना तसेच वाटले. पण त्या पावसाळ्यात रामाजींनी कचेरीला जायचे सोडले. ते ओसरीवर बसून राहत. जेवण पुढे आले की दोन घास खाऊन ताट सारत. भरदुपारी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहे. लोक म्हणत, "बाई बऱ्या झाल्या, आता काऊन रडता?" द्वारकाबाई म्हणाल्या, "नजर लागली." कुणाला उमगत नव्हते. जोवर वजन डोक्यावर होते तोवर मान ताठ होती, ते उतरल्यावर मान थरथरू लागली होती.

चंद्रभागाबाईंना मात्र उमगले. त्यांनी शाळेतून रजा घेतली. सकाळी मला विसळले, भरले आणि ओसरीवर रामाजींशेजारी आणून ठेवले. आपणही बसल्या.

"मी झोपली होती तवा काय काय झालं?" त्यांनी विचारले. "तुमी कवाच सांगितलं नाही. आज सांगा."

रामाजी थांबत थांबत सारे बोलले. यंत्राचा आवाज. मथुराबाईंची भाकर. धोंडीबा. अक्काने घरी न्यायला सांगितले ते. शेवटी म्हणाले, "मले रोज एकच वाटते. मी तुले तुझ्यासाठी ठेवली का माझ्यासाठी? तुले किती त्रास झाला असन. तू आतून म्हणत असशील, सोडा मले. अन् मी सोडली नाही."

अंगणात ज्वारीची पाखडण चालली होती, तिचा सप् सप् आवाज येत होता.

"मले नाही माईत, मी काय म्हणली असती," बाई म्हणाल्या. "खोटं काऊन बोलू? पण आज तुमच्याजवळ बसली हाव. हे मले आवडून राह्यलं. एवढंच मले माईत हाय."

त्यांनी माझे झाकण भरले आणि रामाजींच्या हातात दिले. खालून आपलाही हात लावला. असे त्या रोज बसल्या. नंतर रामाजींना घेऊन डॉक्टरांकडेही गेल्या. दसऱ्याच्या सुमारास रामाजी पुन्हा कचेरीत रुजू झाले. आणि एका रविवारी दोघे मला घेऊन बसने गुडीहत्नूरला जाऊन मथुराबाईंना भेटून आले. त्यांच्या ओसरीवर ते तिघे काय बोलले ते मला सांगता येईल, पण ते त्यांचे त्यांच्यापाशीच राहू दे.

मित्रांनो, माझी काच आता तडकली आहे. माझ्यात घातलेले ऊन पाणी लवकरच गार होते. घरात स्टीलचा नवा थर्मास आला आहे आणि मी फळीवर असतो. त्याचे मला दुःख नाही. मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. वस्तूंचे असेच व्हायचे.

माझे मागणे दुसरेच आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हाला कधीतरी दवाखान्यात कुणाला भेटायला जावे लागेल. खाटेवरच्या माणसाची विचारपूस तुम्ही कराल, सगळेच करतात. पण त्याच्या उशाशी, नाहीतर दाराबाहेरच्या बाकावर, आणखी एक माणूस बसलेला असतो. त्याच्या अंगाला नळी नसते, म्हणून तो कुणाला दिसत नाही. त्यालाही विचारा, तू कसा आहेस. तो म्हणेल, मी बरा आहे. त्याने तसे म्हटले तरी लगेच उठून जाऊ नका. जरा वेळ त्याच्याजवळ बसा.